चार हजारांतला सूर

“तांबडा,” मी म्हणालो. “तांबडा महागाचा. काळा आपला.”

माझं तोंड भिंतीकडे होतं आणि कानाला हेडफोन. पाठीमागे श्रीरंग मांडीवर गिटार घेऊन स्टुलावर बसलेला. त्याच्या पायाशी मीच करून दिलेली स्विचची पेटी होती, तिला दोन बटणं. एकाला तांबडी चिकटपट्टी, दुसऱ्याला काळी. गिटार दोन अँप्लिफायरमधून एकदमच वाजायची; तांबडं दाबलं की एकाचा माईक चालू व्हायचा, काळं दाबलं की दुसऱ्याचा. दोन्ही अँप्लिफायर आतल्या खोलीत दार लावून ठेवलेले. प्रत्येकाच्या तोंडाशी एक माईक, आणि चालू असलेल्या माईकमधलं मला हेडफोनात ऐकू यायचं.

“पक्कं?” श्रीरंगनं विचारलं.

“पक्कं की. चुकलो तर नाव बदलेन.”

“मग बदल!” तो ओरडला. “तांबडा तुझा डबा आहे, नूरू! तुझी साबणाची डबी!”

मी हेडफोन काढून फेकलेच. समोर तिकाटण्यावर कॅमेरा चालू होता, त्यात माझा नाच अजूनही बघायला मिळतो. साबणाच्या स्टीलच्या डबीत मी पाच-पंचवीस भंगारातले पार्ट जोडून गिटारचा आवाज भरडणारं एक यंत्र केलं होतं. ते आणि एक खेळण्याएवढा अँप्लिफायर, दोन्ही सेलवर चालणारे, मिळून खर्च चार हजार. दुसरा होता श्रीरंगच्या अमेरिकेतल्या मावसभावानं दिलेला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, किंमत दोन लाखांच्या वर. सांताना या गिटारवाल्याचा तो लांबत जाणारा, गळा भरून आल्यासारखा सूर चार हजारांत काढता येतो का, हा आमचा पहिला व्हिडिओ. आणि मी, मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत जन्मलेला माणूस, माझ्या डबीला दोन लाखांचा समजलो होतो.

श्रीरंग आत अँप्लिफायर बंद करायला गेला. मी लगेच घरी फोन लावला.

“अब्बा, माझा डबा मलाच ओळखू आला नाही!”

“यात हसण्यासारखं काय आहे?” अब्बा म्हणाले. “घरी ये. घोडी घासायची राहिलीय.”

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. घरात आम्ही आमची दखनी बोलतो, पण सांगतो ते मराठीतच सांगतो, शाळा मराठी आणि दोस्तही मराठीच.

आमचं घर चार पिढ्यांपासून जवारीचं. तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. ती घोडी कानशीनं केसाकेसानं घासायची, तारेखाली सुती दोरा सरकवायचा, पुन्हा घासायचं. घासता घासता एका क्षणी तार उघडते आणि नुसता ठणठण करणारा तंबोरा गायला लागतो. ती जवारी लागली. कानशीचा एक हात कमी पडला तर तार मुकी राहते. एक हात जास्त झाला की काम बिघडलं, मग घासलेलं काही परत येत नाही. कुठे थांबायचं हे मोजायला कुठलंही यंत्र नाही. कानानं सांगायचं आणि हातानं ऐकायचं. अब्बांनी मला अकराव्या वर्षी कानस दिली आणि सव्विसाव्या वर्षी पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या तंबोऱ्याला हात लावू दिला. मधली पंधरा वर्षं मी नुसता ऐकत होतो.

सोल्डरिंग मी शिकलो ते इलेक्ट्रॉनिक तंबोरे दुरुस्त करायला. श्रीरंग केतकर असाच एक बिघडलेला घेऊन दुकानात आला, त्याच्या आईचा. माझ्याच वयाचा, बँकेत नोकरी, आणि डोक्यात चोवीस तास गिटार. बोलायला असा गोड की तासाभरात मी त्याला चहा पाजला आणि तो मला हेंड्रिक्सची गिटार ऐकवायला लागला. मला गिटारचं काही कळत नव्हतं, पण आवाज कशानं बनतो ते कळत होतं. “हा माणूस तार तोडत नाही, जाळतोय,” मी म्हणालो, तर त्यानं माझा हात धरला.

“नूरू, तुझे कान म्हणजे काय चीज आहे तुला माहीत नाही.”

असं मला आयुष्यात कोणी म्हणालं नव्हतं. आमच्या घरात कौतुक करत नाहीत, पुढचं काम देतात.

व्हिडिओंची कल्पना त्याची. मोठमोठ्या गिटारवाल्यांचा टोन कमी पैशांत आणि जास्त पैशांत काढून दाखवायचा, आणि न बघता ओळखायचं मी. नियम मात्र मी घातला. आमच्याकडे दोन भावांपैकी कोणाची जवारी सरस हे ठरवायचं असलं की ऐकणारा पाठ फिरवून बसतो आणि तंबोऱ्याला हात लावत नाही. तसंच इथेही. ऐकणाऱ्यानं आतल्या खोलीत जायचं नाही, वायरीला शिवायचं नाही. श्रीरंगला हा नियम फार आवडला. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला तो कॅमेऱ्यात बघून सांगायचा, “आमचा नूरूभाई वायरीला हात लावत नाही!”

आठ महिन्यांत सात व्हिडिओ झाले. सांतानानंतर हेंड्रिक्स, मग गिलमोर, मग बी. बी. किंग. दर रविवार तयारीत जायचा, महिन्याकाठी एक व्हिडिओ व्हायचा; प्रत्येक व्हिडिओला मी भिंतीकडे तोंड करून बसायचो आणि दर वेळी चुकायचो. सातपैकी सात. लोकांना ते भारी आवडलं. चार हजारांची डबी दोन लाखांना पाणी पाजते आणि जवारीवाल्याचे कानसुद्धा फसतात म्हटल्यावर कोणाला नाही आवडणार? कोल्हापूर, सोलापूर, पार नागपूरहून पोरं डबी मागवायला लागली. काही जणांनी घरी तसा आवाज येत नाही म्हणून कळवलं, तर श्रीरंग म्हणाला, “त्यांच्या हातात नाही ते.” मी मान डोलावली.

तिसऱ्या व्हिडिओच्या वेळी मी एकदा त्याला विचारलंही होतं. “श्री, तांबड्याच्या तळाशी काहीतरी गुणगुणतंय. मधे तू थांबतोस ना, तेव्हा ऐकू येतं.”

“फ्रिज असेल आतला,” तो म्हणाला. त्याच्या आतल्या खोलीत फ्रिज होता हे खरं. मी हेडफोन पुन्हा कानाला लावला.

खरं सांगायचं तर तेव्हा मी सुखात होतो. कान हरत होते, पण डबी जिंकत होती, आणि डबीही माझीच. आपण केलेल्या वस्तूनं आपल्यालाच फसवावं यापेक्षा कारागिराला आणखी काय पाहिजे? फक्त दुकानात बसलो की काहीतरी सैल झाल्यासारखं वाटायचं. घोडी घासता घासता मी थांबायचो, तार छेडायचो आणि अब्बांकडे बघायचो.

“बरोबर वाटतंय का?”

“जवारीवाल्यानं विचारायचं नसतं,” अब्बा म्हणायचे. त्यांना आता डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, हातही थरथरायचा, म्हणून सगळं काम माझ्याकडे आलं होतं. विचारणार तरी कोणाला?

त्या दिवाळीच्या आधी कुमुदताई फाटक आल्या. सत्तरी ओलांडलेल्या गायिका, सांगलीच्या. रिक्षातून तंबोरा मांडीवर घेऊन आल्या होत्या, ड्रायव्हरला हात लावू दिला नव्हता. तंबोरा त्यांच्या गुरुजींचा. गुरुजी जाताना तो यांच्या हवाली करून गेले होते. घोडी सांबरशिंगाची, माझ्या आजोबांनी बसवलेली. आता कायद्यानं सांबरशिंग मिळत नाही, मिळू नयेच. म्हणजे त्या घोडीला पर्याय नव्हता.

“बाबा, तीस वर्षांत हिला कोणी कानस लावलेली नाही,” ताई अब्बांना म्हणाल्या. “आवाज बसलाय. डिसेंबरात गुरुजींची शंभरावी जयंती आहे. तेव्हा त्यांचा तंबोरा त्यांच्यासारखा वाजावा, एवढंच. मग मी गाणं बंद करायला मोकळी.”

“नूरू करेल,” अब्बा म्हणाले.

“तुम्ही सांगताय म्हणजे झालं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात मी एकटाच होतो. अब्बा जेवून आडवे झाले होते. मी तारा चढवल्या, स्वर मिळवले आणि घासायला घेतलं. शिंग कठीण असतं, पण ते शिंग इतकं शहाणं होतं की कानशीला विरोधच करत नव्हतं. चौथ्या हाताला दोरा सरकवला आणि खर्ज छेडला.

तार उघडली. भोपळ्यातून आवाज वर आला आणि खर्जाच्या पोटातून गंधार निघाला. तंबोऱ्यात गंधाराची तार नसते. जवारी नेमकी लागली तर तो स्वर आपोआप उमटतो आणि हवेत राहतो. अशा गंधाराबद्दल मी अब्बांच्या तोंडून ऐकलं होतं. मी तसाच बसून राहिलो. कानस खाली ठेवायला पाहिजे होती.

मग मनात आलं, हा खरंच लागलाय की मला वाटतोय? गेल्या व्हिडिओच्या वेळी पण मला पक्कं वाटलं होतं. त्याआधीच्या वेळीही. सात वेळा पक्कं वाटलं होतं. माझ्या पक्क्याला काय किंमत? आवाज जरा जास्तच मोकळा वाटत होता, म्हणजे कदाचित मलाच तो मोकळा वाटत असेल. जरा अजून दाबून घ्यावं.

आणखी एक हात मारला. गंधार बारीक झाला. घाबरून दुसऱ्या बाजूनं एक हात मारला, आवाज सारखा करायला. मग तिसरा. अर्ध्या तासानं माझ्यापुढे एक चिरकणारा, झिणझिणणारा तंबोरा होता आणि घोडीत इतका खोल चर पडला होता की तो बोटाला लागत होता.

कुमुदताई तंबोरा न्यायला आल्या, त्यांनी मांडीवर घेऊन छेडला. चारही तारा दोनदा छेडल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तंबोऱ्याला गवसणी घातली, नाडी बांधली आणि म्हणाल्या, “असू दे.”

त्या गेल्यावर अब्बा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी म्हणाले, “ते तुझं फोनवरचं मला ऐकव. काय करतोस तू तिकडे दर रविवारी?”

मी पहिला व्हिडिओ लावला. फोन त्यांच्या कानाशी धरला. अब्बांनी डोळे मिटले. मी सांगत होतो, “आता हा तांबडा, अब्बा. माझा डबा. आता हा काळा, तो परदेशी.”

“पुन्हा लाव.”

पुन्हा लावला.

“तुझा डबा लाईटवर चालतो का?”

“नाही. सेलवर. डबा पण आणि अँप्लिफायर पण.”

“मग तांबड्याखाली ही लाईटची गुणगुण कुठली?”

“फ्रिजची असेल.”

“फ्रिज फक्त तांबड्यालाच वाजतो? काळा लागला की बंद होतो?” अब्बांनी डोळे उघडले. “नूरू, वरचा आवाज कोणीही ऐकतो. तुला मी तळ ऐकायला शिकवलंय. आपल्या जुन्या रेडिओत व्हॉल्व्ह होते, तो असाच गुणगुणायचा.”

मी सातही व्हिडिओ लावले. सातही वेळा तांबड्याखाली तीच गुणगुण, विजेवरच्या यंत्राची, एका सुरात. काळ्याखाली काही नाही. मग मला रडू आलं, अब्बांसमोर, छत्तीस वर्षांच्या माणसाला.

तो शनिवार होता. रविवारी सकाळी नेहमीच्या वेळी श्रीरंगच्या घरी गेलो. आठव्या व्हिडिओची तयारी झाली होती. कॅमेरा लागला होता, माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली.

“ये ये, नूरूभाई! आज मार्क नॉफ्लर. आज तरी ओळखतोस का बघू.”

मी सरळ आतल्या खोलीचं दार उघडलं.

“अरे, नियम!” श्रीरंग मागून ओरडला. पहिल्यांदा हसत ओरडला, मग नुसतंच “नूरू” म्हणाला.

जमिनीवर दोन माईक होते. तांबड्या चिकटपट्टीची वायर दोन लाखांच्या अँप्लिफायरपुढच्या माईकला जोडलेली. काळी माझ्या डबीकडे. चिकटपट्ट्या माझ्याच हातच्या, माझ्याच रोळातल्या.

“उलट्या आहेत,” मी म्हणालो.

श्रीरंग दारात उभा होता. तो नाही म्हणाला नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे.

“कधीपासून?”

“पहिल्यांदा खरंच चूक झाली रे. आईशप्पथ. त्या दिवशी बंद करायला आत आलो तर वायरी उलट्या लागलेल्या. बाहेर सांगायलाच येत होतो. तू फोनवर अब्बांना सांगत होतास. तुझा आवाज असा होता ना, मी दारातच थांबलो. म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू.”

“आणि पुढच्या रविवारी?”

“तोपर्यंत वीस हजार लोकांनी बघितला होता.”

“म्हणून मग मुद्दाम?”

त्यानं जमिनीकडे बघितलं. “तुलाच आवडत होतं. डबी तुझी जिंकत होती. यात तुझं नुकसान काय झालं, मला सांग.”

मी त्याला तंबोऱ्याचं सांगितलेलं नव्हतं. लाज वाटत होती. आता सांगितलं, सगळं, चौथ्या हातापासून. तो ऐकत होता तसा त्याचा चेहरा उतरत गेला, पण माझं ऐकून झाल्यावर त्याच्या तोंडून आलं ते वेगळंच.

“पण ते मी नाही केलं ना, नूरू. कानस तुझ्या हातात होती.”

“होती. पण कान तू काढून घेतले होतेस.”

“अरे, पण तू तर सातही वेळा बरोबर होतास! सातपैकी सात! असे कान मी जन्मात बघितले नाहीत.” हे सांगताना त्याचे डोळे खरोखर चमकले. त्याला वाटत होतं, मी हे ऐकून खूश होईन.

त्याच्या त्या चमकलेल्या डोळ्यांचा मला आजही राग येतो. पैशासाठी, नावासाठी एखादा फसवतो, ते समजतं. हा माणूस आठ महिने, सात वेळा, माझ्या पाठीमागे बसून मनातल्या मनात माझ्या कानांना दाद देत होता, आणि तोंडानं “चुकलास!” म्हणून हसत होता. माझं खरं कौतुक त्याच्याकडे होतं आणि त्यानं ते मला दिलं नाही.

“कॅमेरा लाव,” मी म्हणालो. “जे झालं ते सांग. डबी घेतलेल्या पोरांना कळू दे.”

“वेड लागलंय का? लोक तुलाच हसतील. जवारीवाल्याला आठ महिने कळलं नाही म्हणतील.”

“म्हणू दे.”

“बघू,” तो म्हणाला. “दिवाळी होऊ दे.”

दिवाळी झाली, त्यानंतर आठ दिवाळ्या झाल्या. त्यानं काही सांगितलं नाही. आता पुण्यात असतो, दुसरा कोणीतरी भिंतीकडे तोंड करून बसतो. ज्यांचे पत्ते माझ्याकडे होते त्यांना मी पत्र लिहून डब्या परत मागवल्या. बऱ्याच जणांनी पाठवल्या नाहीत. एका पोरानं लिहिलं, मला आवाज आवडतो, राहू दे.

पण त्या रविवारी श्रीरंगकडून निघालो तो घरी नाही गेलो. तसाच सांगलीची बस पकडली आणि कुमुदताईंच्या घरी गेलो. तंबोरा कोपऱ्यात गवसणीतच होता. ताई भाजी निवडत होत्या. मला बघून त्यांनी परात बाजूला केली नाही, बस असंही म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानंच सांगितलं. मित्राचं सांगितलं, वायरींचं सांगितलं. त्यांना त्यातलं किती समजलं कोण जाणे. मी म्हणालो, “ताई, माझे कान चुकले नव्हते. तुमची जवारी लागली होती. चौथ्या हाताला लागली होती. मी विश्वास ठेवला नाही.”

त्यांचा हात थांबला.

“लागली होती म्हणजे? गुरुजींची? पहिल्यासारखी?”

“गंधार निघाला होता, ताई. आपोआप.”

“किती वेळ?”

“मिनिटभर असेल. फार तर दोन.”

कुमुदताई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत राग येईल म्हणून मी वाट बघत होतो, तर तिथे हेवा आला. सत्तरीपुढच्या बाईच्या डोळ्यांत, लहान मुलीला वाटतो तसा साधा हेवा.

“मी तीस वर्षं वाट बघितली रे त्या गंधाराची,” त्या म्हणाल्या. “आणि तो आला तेव्हा तू होतास तिथे. तू एकटाच.”

मी पाय धरायला पुढे झालो. त्यांनी परात खाली ठेवली, पदराला हात पुसले, आणि मला समोरच्या पाटाकडे बोट दाखवलं.

“बस. कसा होता, ते सांग मला. सगळं सांग. घाई करू नकोस.”

मी बसलो. डोळे मिटले आणि चौथ्या हातापासून सांगायला घेतलं.